जेम्स पार्किन्सन : कंपवाताला ज्यांचे नाव मिळाले



मागील वर्षी आठवीच्या वर्गातील एका मुलाने तास संपल्यावर मला विचारले की हे पार्किन्सन डॉक्टर मुंबईत कोठे बसतात. त्याच्या आजोबांना मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात दाखविले होते आणि परत येताना मिळालेल्या कागदावर हे नाव लिहिलेले होते. घरच्या मंडळींची समजूत अशी झाली की हे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांचेच नाव असावे, आणि पुढील खेपेस थेट त्यांनाच गाठावे. मला हसू आले नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या घरातही हाच गोंधळ झाला होता.

माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सारी भावंडे बडेअब्बा म्हणतो, यांनी तीसएक वर्षे झाईच्या किनाऱ्यावरून बोट नेली. नावाजलेले तांडेल होते. त्यांचा उजवा हात प्रथम चहाचा पेला धरताना थरथरू लागला. वय झाले, असे आम्ही म्हणालो. मग चाल बारीक झाली, आवाज बसला, चेहरा गंभीर राहू लागला. कोणी म्हणाले हवा लागली, कोणी म्हणाले नजर. पुढे पायांची तक्रार सुरू झाली. पाय जड वाटतात, तळव्याखाली वाळू आहे की लादी हे कळत नाही, असे ते सांगत. एकदा ते मशिदीतून घरी आले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. ती वाटेत कोठे निसटली याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्या दिवसापासून या रोगाबद्दल मिळेल ते वाचावयास मी सुरुवात केली, आणि वाचता वाचता रोगापेक्षाही ज्या माणसाचे नाव त्याला मिळाले त्या माणसाच्या चरित्रात गुंतलो.

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या ईशान्येस असलेल्या हॉक्स्टन या वस्तीत झाला. त्यांचे वडील जॉन पार्किन्सन हे औषधे तयार करून देणारे आणि लहानमोठ्या शस्त्रक्रिया करणारे वैद्य होते. त्या काळी इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या दोन जाती होत्या म्हणाना. विद्यापीठाची पदवी घेतलेले, श्रीमंतांच्या घरी बग्गीतून जाणारे ते वरचे. दुकानाच्या मागील खोलीत औषध कुटणारे, गल्लीबोळांतून पायी फिरणारे ते खालचे. पार्किन्सन घराणे हे या दुसऱ्या वर्गातले. जेम्स यांना विद्यापीठाची पदवी कधीच मिळाली नाही. बापाच्या हाताखाली उमेदवारी आणि १७७६ साली लंडन हॉस्पिटलमध्ये सुमारे सहा महिने जखमा बांधण्याचे काम, एवढीच त्यांची शिदोरी. हॉक्स्टन स्क्वेअरमधील एक नंबरच्या घरात ते जन्मले आणि जवळजवळ सारे आयुष्य त्यांनी तेथेच रुग्णसेवा केली.

वयाच्या बाविसाव्या वर्षी, म्हणजे १७७७ साली, गळफास घेतलेल्या एका इसमास त्यांनी वडिलांच्या बरोबरीने पुन्हा शुद्धीवर आणले. बुडालेल्या व गुदमरलेल्या माणसांना वाचविण्यासाठी लंडनमध्ये नुकतीच एक संस्था स्थापन झाली होती. तिने त्यांना रौप्यपदक दिले. १७८४ साली वडील वारले आणि त्याच वर्षी जेम्स यांना शल्यचिकित्सक म्हणून मान्यता मिळाली. मेरी डेल नावाच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला होता. संसार, दवाखाना आणि वस्तीतील गोरगरीब, यांतच दुसरा कोणीही बुडून गेला असता.

पण त्यांची शिकण्याची भूक मोठी होती. १७८५ साली जॉन हंटर या त्या वेळच्या सर्वांत नामांकित शल्यविशारदाची व्याख्याने ऐकण्यास ते जात. तिशीला आलेला, घरी बायकापोरे असलेला हा माणूस विद्यार्थ्यांच्या बाकावर बसून लघुलिपीत टिपणे घेत असे. ही टिपणे इतकी नेटकी होती की पुढे त्यांच्या मुलाने ती उलगडून १८३३ साली पुस्तकरूपाने छापली. हंटर यांच्या शिकवणुकीचा तो एक चांगला पुरावा मानला जातो. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांसाठी पार्किन्सन यांनी १८०० साली एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात शरीरशास्त्राबरोबर लघुलिपी आणि चित्रकलाही शिकावी असा त्यांचा आग्रह आहे. डोळ्यांनी पाहिलेले हाताने टिपता आले पाहिजे, हा त्यामागील हिशेब. आमच्या विद्यार्थ्यांना वहीत तारीख घालावयास सांगितली तरी ते कंटाळतात, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदविली.

आता या शांत डॉक्टरांच्या आयुष्यातील एक वादळी प्रकरण सांगितले पाहिजे. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि तिचे वारे इंग्लंडमध्येही पोहोचले. मतदानाचा हक्क मूठभर श्रीमंतांनाच, कराचा बोजा मात्र गरिबांवर, अशी तेथील स्थिती होती. पार्किन्सन सुधारणावादी मंडळांत सामील झाले आणि ओल्ड ह्युबर्ट या टोपणनावाने पत्रके लिहू लागले. रक्तपात न करता राज्यव्यवस्था कशी बदलता येईल हा १७९४ सालच्या त्यांच्या एका पत्रकाचा विषय होता. मजुरांनी वाढीव वेतन मागितले म्हणून त्यांना तुरुंगात टाकू नये, अशा मागण्या त्यात होत्या.

त्याच वर्षी राजा तिसरा जॉर्ज याचा खून करण्याचा कट झाल्याची बातमी उठली. नाटकगृहात बसलेल्या राजावर हवेच्या दाबाने सुटणाऱ्या नळीतून विषारी बाण मारावयाचा, असा तो कट असल्याचे सांगण्यात आले. अटक झालेली माणसे पार्किन्सन यांच्याच मंडळातील होती. पार्किन्सन यांना प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे करण्यात आले. समोर पंतप्रधान पिट स्वतः बसले होते. एका सामान्य औषधवाल्या वैद्याला घाम फुटावा असाच तो प्रसंग होता. परंतु ते डगमगले नाहीत. आपल्याला स्वतःविरुद्ध बोलावयास भाग पाडले जाणार नाही याची खात्री त्यांनी आधी करून घेतली आणि मगच साक्ष दिली. पत्रके आपण लिहिली हे त्यांनी मान्य केले. पुढे खटला कोसळला, आरोपी सुटले. पार्किन्सन यांच्यावर काही बालंट आले नाही. त्यानंतर मात्र त्यांनी राजकारणातून हळूहळू अंग काढून घेतले. दवाखान्यावर आणि मुलांवर परिणाम होऊ नये हा विचार त्यांनी केला असेल तर त्यात वावगे काय?

यानंतरच्या वीसएक वर्षांत त्यांनी जे लिहिले त्याची यादी पाहिली की थक्क व्हावयास होते. कुटुंबांसाठी वैद्यकीय सल्ल्याचे पुस्तक, खेडुतांसाठी एक वेगळे पुस्तक, खिशात मावणारे रसायनशास्त्र, मुलांना धोकादायक खेळांपासून सावध करणारी गोष्ट, आणि स्वतःलाच जडलेल्या सांधेदुखीवर, म्हणजे गाउटवर, १८०५ सालचा एक ग्रंथ. देवीच्या लसीबद्दल लोकांच्या मनात भीती असताना हॉक्स्टनच्या गरिबांना ती टोचण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १८१२ साली त्यांच्या मुलाने पाच वर्षांच्या एका बालकाच्या मृत्यूची हकीकत प्रसिद्ध केली. आंत्रपुच्छ फुटून मृत्यू येतो हे इंग्रजीत स्पष्टपणे मांडणारी ती पहिली नोंद समजली जाते.

त्यांच्या हातून चूकही झाली, आणि ती लपविण्याचे कारण नाही. हॉक्स्टनमध्ये वेड्यांची खाजगी इस्पितळे पुष्कळ होती आणि पार्किन्सन त्यांपैकी एकात डॉक्टर म्हणून जात. नातेवाइकांच्या सांगण्यावर विसंबून त्यांनी एका बाईस वेडी ठरविणाऱ्या दाखल्यावर सही केली. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि त्यांच्यावर जाहीर टीका झाली. त्यांनी १८११ साली या इस्पितळांच्या कायद्यांवर एक पुस्तिका लिहिली. तीत आपली बाजू मांडली, आणि त्याबरोबरच अशा दाखल्यांची पद्धत कशी सुधारावी हेही सांगितले.

आपल्या हयातीत ते प्रसिद्ध झाले ते मात्र वैद्यकामुळे नव्हे, तर दगडांमुळे! जमिनीत सापडणारे शंख-शिंपले, हाडे व वनस्पती यांचे दगड झालेले अवशेष गोळा करण्याचा त्यांना नाद होता. १८०४, १८०८ आणि १८११ अशा तीन वर्षी या अवशेषांवर त्यांचा तीन खंडांचा सचित्र ग्रंथ निघाला. १३ नोव्हेंबर १८०७ रोजी लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेची स्थापना करणाऱ्या तेरा जणांत ते एक होते. एका जातीच्या अश्मीभूत शंखाला आजही त्यांच्यावरून पार्किन्सोनिया हे नाव आहे. येथे एक खुलासा करतो. आपल्याकडे कुंपणाला लावतात त्या पिवळ्या फुलांच्या एका काटेरी झाडाचे शास्त्रीय नावही पार्किन्सोनियाच आहे, परंतु ते जॉन पार्किन्सन नावाच्या, शंभर-दीडशे वर्षे आधी होऊन गेलेल्या दुसऱ्याच वनस्पतीतज्ज्ञावरून दिलेले आहे. सामान्यज्ञानाच्या परीक्षेत ही चूक होऊ देऊ नये.

आणि मग १८१७ साल उजाडले. पार्किन्सन बासष्ट वर्षांचे होते. त्या वर्षी त्यांनी अवघ्या ६६ पानांची एक पुस्तिका छापली. विषय होता थरथरणारा पक्षाघात. या पुस्तिकेसाठी त्यांनी किती रुग्ण पाहिले असतील? शंभर? दोनशे? फक्त सहा. त्यांतील दोघे तर त्यांना रस्त्यात चालताना दिसले होते आणि तेथेच थांबवून त्यांनी त्यांची विचारपूस केली होती. एकाला तर त्यांनी केवळ दुरूनच पाहिले होते.

पहिला रुग्ण एक माळी होता. पन्नाशी उलटलेला, निर्व्यसनी, कष्टाळू. डाव्या हाताने काही दिवस जड काम केले म्हणून हात थरथरतो, अशी त्याची समजूत होती. दुसरा एका न्यायाधीशाच्या कचेरीत आयुष्य घालविलेला बासष्ट वर्षांचा शिपाई. तो पायाच्या पुढच्या भागावर चाले आणि काठी नसती तर प्रत्येक पावलास पडला असता. आपल्या दारूच्या सवयीमुळे हे झाले अशी त्याची खात्री होती. तिसरा एक खलाशी. वय सुमारे पासष्ट, शरीरयष्टी अजूनही पैलवानासारखी. पण सारे अंग इतके हाले की त्याला थरथर हा शब्दच अपुरा होता. शरीर पुढे झुकल्यामुळे त्याला चालता येत नसे, पळावेच लागे. पाच-सहा पावलांनंतर तो काठी जोराने जमिनीवर टेकवून स्वतःला सरळ करी. स्पेनच्या तुरुंगात कित्येक महिने ओल्या जमिनीवर झोपावे लागल्याने हे दुखणे जडले असे तो सांगे. दुरून पाहिलेल्या गृहस्थांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांचा नोकर समोर उभा राहून त्यांचे दोन्ही खांदे धरी, त्यांना हळूहळू मागेपुढे झुलवून तोल साधून देई, मग बाजूला होई. गृहस्थ पळत सुटत आणि वीसएक पावलांवर तोच नोकर त्यांना झेलण्यास तयार असे.

माळी, शिपाई आणि खलाशी या तिघांनी आपल्या दुखण्याची तीन निरनिराळी कारणे सांगितली हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. कष्ट, दारू आणि ओल. पार्किन्सन यांनी तिन्ही ऐकून घेतली, तिन्ही लिहून ठेवली, आणि या तिघांचा रोग मात्र एकच आहे हे ओळखले. त्यांच्या आधी हातांचा कंप लिहिणारे पुष्कळ होऊन गेले. आपल्या आयुर्वेदात कंपवात आहे. इब्न सीना यांच्या अल-कानूनमध्ये कंपाला रअशा आणि बधिरतेला खदर म्हटले आहे व दोहोंचा वेगवेगळा विचार केलेला आहे. परंतु एका बाजूच्या हातापासून हळूहळू सुरू होणारा कंप, झुकलेली पाठ, पळती चाल, बद्धकोष्ठ, लाळ गळणे, झोपमोड, हे सारे एकाच माळेचे मणी आहेत ही गोष्ट त्यांनी प्रथम व्यवस्थित मांडली. रोगाचे मूळ मानेजवळील मज्जारज्जूत असावे हा त्यांचा तर्क मात्र चुकला. आपल्याला एकाही रुग्णाचे शवविच्छेदन करता आले नाही, म्हणून हे केवळ अनुमान आहे, हे त्यांनी आधीच कबूल करून टाकले होते. उपाय म्हणून मानेतून रक्त काढावे व तेथे फोड आणून पू वाहता ठेवावा असे त्यांनी सुचविले. आज आपल्या अंगावर काटा येतो, पण त्या काळी हीच रीत होती.

आता माझ्या बडेअब्बांच्या पायांकडे येतो. पार्किन्सन यांनी पुस्तिकेच्या आरंभी रोगाची जी व्याख्या दिली तीत त्यांनी म्हटले आहे की या रोगात ज्ञानेंद्रिये आणि बुद्धी यांना धक्का लागत नाही. एवढ्याशा निरीक्षणावरून केलेले हे विधान पुढे दीडशे वर्षे पाठ्यपुस्तकांतून घोकले गेले. त्यामुळे रुग्णाने पाय बधिर झाल्याचे सांगितले तर ते बहुधा बाजूला सारले जाई. आमच्या बाबतीतही तेच घडले. ज्या डॉक्टरांकडे आम्ही प्रथम गेलो त्यांनी कंपाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बधिरतेचा या आजाराशी संबंध नाही, मनावर घेऊ नका, असे सांगून आमची बोळवण केली. दोन महिन्यांनी बडेअब्बांच्या टाचेत माशाचा काटा रुतून तेथे जखम चिघळली, तेव्हा घरच्यांच्या लक्षात आले. त्यांना स्वतःला काटा रुतल्याचे समजलेच नव्हते.

वस्तुस्थिती काय आहे? १९७६ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी या रोगाच्या १०१ रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी ४३ जणांना मुंग्या, बधिरता, आग, गारठा किंवा वेदना यांपैकी काही ना काही जाणवत होते. म्हणजे ही तक्रार मनाची नव्हे. मेंदूकडे येणाऱ्या संवेदनांची जुळवाजुळव या रोगात बिघडते असे आता मानतात. काहींना गोळीचा असर उतरू लागला की बधिरता वाढते आणि पुढची गोळी घेतल्यावर कमी होते. अशा वेळी कोणत्या वेळेस गोळी घेतली व कोणत्या वेळेस पाय जड झाला हे आठ-दहा दिवस वहीत टिपून डॉक्टरांना दाखवावे. त्यावरून औषधाच्या वेळा बदलता येतात. वासही जातो. बडेअब्बांना अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येत नाही हे आम्हाला विनोदाचे वाटत असे. वास जाणे हे या रोगाचे कंपाच्याही आधी दिसणारे चिन्ह असू शकते, हे नंतर समजले.

पण दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अशा रुग्णाचा पाय बधिर झाला म्हणजे सारे पार्किन्सनवर टाकून मोकळे होता येत नाही. या रोगात सहसा पाय बधिर वाटतो, पण कापूस फिरविला किंवा टोचून पाहिले तर स्पर्श कळतो. ज्याला काटा रुतलेला कळत नाही त्याच्या पायाच्या नसाच बिघडलेल्या असण्याचा संभव असतो. त्याची कारणे अनेक. मधुमेह हे सर्वांत मोठे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव हे दुसरे, आणि लेव्होडोपा हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत ही उणीव अधिक आढळते. कमरेच्या मणक्यात नस दबणे हे तिसरे. आपल्या डहाणू-तलासरी भागात कुष्ठरोगही विसरून चालणार नाही. अंगावर फिकट चट्टा असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल तर लाज न बाळगता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. उपचार विनामूल्य आहे आणि रोग पूर्ण बरा होतो. बडेअब्बांच्या रक्तात साखर वाढलेली निघाली आणि ब-१२ फारच कमी. दोन्हींवर उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांनी तळव्यांना थोडीफार जाण आली. कंप आहे तो आहेच.

या रोगाचे खरे ठिकाण मेंदूच्या तळाशी असलेल्या एका काळसर भागात आहे, हे १९१९ साली पॅरिसमध्ये त्रेत्याकॉफ यांनी दाखविले. त्या भागातील पेशी डोपामाइन नावाचे द्रव्य तयार करतात. त्या मरू लागल्या की हालचालींचे वंगणच आटते. पुढचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण ५० रुग्णांवर तपासून १९४९ साली ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि ही भारतीय मुळी जगभर गेली. तिच्यातून काढलेले रिसर्पीन हे औषध जास्त प्रमाणात घेतले की काही माणसे पार्किन्सनच्या रुग्णांसारखी जखडत. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रिसर्पीन देऊन निश्चल केले आणि मग डोपा टोचताच ते ससे पुन्हा हिंडू लागले. याच वाटेने लेव्होडोपाचा उपचार सापडला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हाच लेव्होडोपा आपल्या रानातील खाजकुयलीच्या बियांत असतो. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन व रामस्वामी यांनी तो त्या बियांतून वेगळा केला होता आणि १९७८ साली मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनी या बियांच्या चूर्णाचा पार्किन्सनच्या रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. तलासरीकडील मुलांना ही वेल चांगली ठाऊक आहे. शेंगेवरची कुसे अंगाला लागली की दिवसभर खाजवावे लागते! मात्र कोणी हे वाचून बिया कुटून आजोबांना देऊ नयेत. प्रत्येक बीमध्ये औषध किती हे डोळ्यांनी कळत नाही, आणि गोळ्या चालू असताना ते वरून दिल्यास मात्रा दुप्पट होऊन बसते.

मुंबईचेच आणखी एक काम सांगावयास हवे. डॉ. नादिर भरूचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन सुमारे १४,००० लोकांची पाहणी केली व ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. दर लाखामागे ३२८ जणांना पार्किन्सनचा रोग आढळला. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे हे त्याचे एक कारण. ज्यांचे पूर्वज आपल्या शेजारच्या संजाणला उतरले, त्या समाजाने दार उघडून डॉक्टरांना आत घेतले म्हणून हा आकडा मिळाला. आपल्या वस्तीत असे कोणी विचारावयास आले तर आपण दार उघडू काय, असा प्रश्न मला पडतो.

पार्किन्सन यांना यातले काही पाहावयास मिळाले नाही. १८२२ साली शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाने त्यांना सुवर्णपदक दिले. ते प्रामुख्याने त्यांच्या अश्मांवरील कामासाठी होते. पक्षाघाताचा झटका येऊन त्यांची वाचा गेली आणि २१ डिसेंबर १८२४ रोजी ते वारले. ज्या शोरडिच येथील सेंट लिओनार्ड चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला होता तेथेच त्यांचे दफन झाले. कबर नेमकी कोणती हे आज ओळखता येत नाही. त्यांचे खात्रीलायक चित्रही नाही. दाढीवाल्या गृहस्थांचा जो फोटो सर्वत्र छापला जातो तो दुसऱ्याच पार्किन्सन आडनावाच्या माणसाचा आहे. साधी गोष्ट आहे, ते वारले तेव्हा माणसांचे फोटो काढण्याची कला निघालीच नव्हती. म्हणून या लेखासोबत चित्र दिलेले नाही.

त्यांची पुस्तिका पन्नासएक वर्षे जवळपास विस्मरणात गेली. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शिकविणारे प्राध्यापक शार्को यांनी १८७०च्या सुमारास तिची दखल घेतली. सर्वच रुग्ण थरथरत नाहीत आणि त्यांच्या स्नायूंची शक्तीही खरोखर जात नाही, म्हणून थरथरणारा पक्षाघात हे नाव चुकीचे आहे, असे शार्को यांचे म्हणणे होते. मग काय म्हणावे? ज्याने पहिले वर्णन केले त्याचेच नाव द्यावे, असे ठरविले ते एका फ्रेंच माणसाने, एका इंग्रजासाठी. आज ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो.

बडेअब्बांची नात रोज रात्री इशाच्या नमाजानंतर त्यांचे तळवे दिव्याखाली धरून पाहते, बोटांच्या बेचक्यांतही पाहते. चपलेला आता मागून पट्टा आहे. वाळूत अनवाणी जाण्यास मनाई आहे, आणि ती मनाई ते महिन्यातून एकदा तरी मोडतात. हा लेख लिहिण्याआधी मी त्यांना त्या सहा रुग्णांच्या हकीकती वाचून दाखविल्या. माळ्याबद्दल आणि शिपायाबद्दल ते काही बोलले नाहीत. खलाशाचे मात्र त्यांनी दोनदा वाचावयास लावले, आणि मग विचारले की तो कोणत्या बंदराचा होता. पुस्तकात ते दिलेले नाही, असे मी सांगितले.